पाण्याने ओढलेली रेघ

जी गोष्ट टिकत नाही तिला आपण ‘पाण्यावरची रेघ’ म्हणतो. कृष्णाकाठच्या माणसाला याच्या नेमकी उलट अशी आणखी एक रेघ परिचयाची आहे. महापूर ओसरला की दुकानाच्या, घराच्या, देवळाच्या भिंतीवर गाळाची एक आडवी काळपट रेघ उरते. गवंड्याला पाणसळ लावूनही साधणार नाही इतकी ती सपाट असते. एका पेठेत ती छातीइतकी, पुढच्या उताराच्या गल्लीत डोक्याच्याही वर. माणसाच्या अंगावर तिची उंची बदलते, पाण्याची पातळी मात्र एकच. दिवाळीपूर्वीच्या रंगकामात ही रेघ बहुधा पुसली जाते. ती पुसावी की ठेवावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

अलीकडे जगातील अनेक शहरांत नदीकाठी, समुद्रकाठी, सर्वांच्या वाटेवर कलाकृती मांडल्या जातात आणि त्या पाणी, हवामान, प्रदूषण यांविषयी जाणाऱ्या-येणाऱ्यांशी बोलतात. तिकीट नाही, दालन नाही, दरवाजा नाही. या प्रकाराला पर्यावरण-कला असे नाव मिळाले आहे. मी कलेचा अभ्यासक नव्हे. वाणिज्य शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत बँकेची नोकरी करून निवृत्त झालो. तारण, मूल्यांकन, जोखीम हे माझ्या ओळखीचे शब्द. तरीही या कलेविषयी वाचताना मला सतत वाटत राहिले, की आपल्या कृष्णाकाठाला हा विषय नवा नाही. आपण तो फक्त विसरत चाललो आहोत.

त्यासाठी आधी नदीच्या वरच्या अंगाला जावे लागेल. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा डोंगर उतरून वाईला येते. वाईत तिला सात घाट आहेत. त्यांतील गणपती घाटावर सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर आहे. मूर्तीच्या भव्यतेने भारावून माणसे परततात. मंदिराला वळसा घालून मागची भिंत पाहणारे थोडे. ती भिंत सपाट नाही. माशाच्या अंगासारखी ती निमुळती होत गेली आहे. पुराचा लोंढा त्या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. नदीकाठी देऊळ बांधायचे तर नदी कधीतरी देवळात येणार, हे त्या कारागिरांनी गृहीत धरले होते. त्यांनी तिला अडवले नाही, वाट करून दिली. आणि ती वाटच देवळाचे रूप झाली.

वाईच्या शेजारी मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि त्यामागे चंद्रकोरीच्या आकाराचा घाट आहे. तेथील मेणेश्वराच्या देवळाजवळ एका छोट्या घुमटीत टांगलेली मोठी घंटा १७३९ च्या वसई मोहिमेतील, हे पर्यटकांना आवर्जून सांगितले जाते. घाटाच्या पायऱ्यांकडे मात्र केवळ चित्रीकरणाची जागा म्हणून पाहिले जाते. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर, संगम माहुलीला, श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ मध्ये बांधलेले विश्वेश्वराचे मंदिर आहे. तेथेही तशाच पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. माझे बालपण साताऱ्यात गेले. पावसाळ्यात माहुलीहून आलेल्या माणसाला घरातील वडीलधारी मंडळी एकच प्रश्न विचारीत, ‘‘पाणी कितव्या पायरीला आहे?’’ उत्तर ऐकून ती काय ते समजत. घाट ही स्नानाची जागा होती, कपडे धुण्याची होती, अखेरच्या निरोपाचीही होती. त्याच बरोबर ती दगडात कोरलेली एक मोजपट्टी होती. सुंदर वस्तू आणि उपयोगी वस्तू अशी वाटणी तेव्हाच्या माणसाने केलेली दिसत नाही.

माहुली सोडल्यावर नदी कराडला पोहोचते. तेथे कोयना तिला अगदी समोरासमोर येऊन मिळते. कोयनेच्या धरणात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते, हा आकडा सांगलीतील शाळकरी मुलालाही पाठ असतो. कारण धरण भरत आले आणि वर पाऊस थांबला नाही, की सोडलेल्या पाण्याची वाट सांगलीवरून जाते. पुढे हरिपूरला वारणा येऊन मिळते. दोन्ही नद्या एकाच वेळी फुगल्या, की सांगलीचे पाणी पुढे सरकत नाही, ते शहरातच पसरते.

सांगलीत मोजपट्टीची जागा घाटाऐवजी पुलाने घेतली. संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या कारकीर्दीत बांधलेला आणि १९२९ मध्ये खुला झालेला आयर्विन पूल हा दगडी कमानींचा देखणा पूल आहे. त्याचे नाव तेव्हाच्या व्हाइसरॉयवरून ठेवले. आज त्या व्हाइसरॉयची आठवण कोणाला नाही, परंतु पुलावर रंगवलेले फुटांचे आकडे सगळे शहर वाचते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. जुलै-ऑगस्टमध्ये पेढीवर भाव विचारण्याआधी ‘‘पुलाला किती?’’ असा प्रश्न येतो. पुण्याला नोकरी करणारा मुलगा, इचलकरंजीत दिलेली लेक, मुंबईचा दलाल, सगळे फोनवर तोच आकडा विचारतात. एखाद्या शहरात एखादी भिंत इतक्या लोकांनी इतक्या काळजीने वाचली असेल, असे मला वाटत नाही. ही रंगवलेली पट्टी कोणी कला म्हणून केलेली नाही; पण सार्वजनिक कलेने जे करावे अशी अपेक्षा असते, ते सगळे ती करते. ती सर्वांच्या नजरेसमोर आहे, तिला समजून घेण्यासाठी शिक्षण लागत नाही, आणि ती पाहिल्यावर माणूस काहीतरी हालचाल करतो. कोणी गल्ल्यातील कागद वरच्या मजल्यावर नेतो, कोणी गोठ्यातील जनावरे सोडतो.

तरीही या पट्टीला एक मर्यादा आहे. पुलावरचा आकडा माझ्या उंबऱ्यापर्यंत येत नाही. ५० फूट म्हणजे माझ्या दुकानात गुडघाभर की छातीभर, हे पूल सांगू शकत नाही. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर येथील रहिवाशांना ते तोंडपाठ असते, कारण पाणी त्यांच्याकडे आधी येते. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड येथील व्यापारी मात्र अनेक वर्षांतून एकदाच भिजतो. आणि दोन पुरांच्या मधल्या काळात विसरतो.

२००५ चा पूर आठवून पाहा. पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते. त्या वर्षी सर्वांत विलक्षण हानी डोळ्यांना दिसलीच नाही, कारण ती जमिनीखाली होती. हरिपूर हे हळदीच्या पेवांचे गाव. पेव म्हणजे वर अरुंद तोंडाचे आणि आत रुंद होत गेलेले भूमिगत कोठार. तेथील जमिनीचा गुण असा, की वर्षानुवर्षे ठेवलेली हळद खराब होत नसे. सांगलीच्या ज्या हळदीला पुढे २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या व्यापाराची मोठी मदार या पेवांवर होती. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या आजोबांनी पेवातील हळदीवर व्यवहार केले असतील. पुराचे पाणी पेवांत उतरले, हळद कुजली, पेवे ढासळली आणि हळूहळू व्यापार गोदामांकडे व शीतगृहांकडे वळला. एक संपूर्ण विद्या त्या पुराने मागे पडली. आज हरिपूरला जाणाऱ्या पाहुण्याला संगमेश्वराचे देऊळ दिसते, संगम दिसतो. येथे पाण्याखाली काय गेले, हे सांगणारी खूण शोधावी लागते.

मग २०१९ आले. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ ला ज्यांच्या दुकानात पाणी आले नव्हते, ते निर्धास्त राहिले होते. ज्यांच्याकडे आले होते त्यांनी ‘‘मागच्या वेळी इथवर होते’’ असे म्हणून माल त्याच्या हातभर वर ठेवला होता. दोघांचाही हिशेब चुकला. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटून जी माणसे गेली, त्यांची आठवण आजही नदीकाठच्या गावांत आवाज खाली आणून काढली जाते. त्या दुःखापुढे मालाच्या नुकसानीला काय किंमत! तरी व्यापाऱ्याचे घर मालावरच चालते, म्हणून तेही सांगितले पाहिजे.

माझ्या धाकट्या भावाचे गणपती पेठेत किराणा-भुसाराचे दुकान आहे. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तेव्हा साखर वाहून गेली होती, डाळी फुगून पोती फुटली होती आणि चोपड्यांचा लगदा झाला होता. वास असा, की नाकाला रुमाल लावूनही उभे राहवेना. पर्युषण तोंडावर आलेले. भिजलेल्या धान्यात उपजलेल्या जिवांकडे पाहून माझ्या भावजयीच्या डोळ्यांना पाणी आले. नुकसानीचा आकडा ऐकून आले नव्हते. घमेल्यांनी गाळ काढला, भिंती धुतल्या. सगळे स्वच्छ झाले तरी ती रेघ राहिली. गल्ल्यामागच्या खांबावर ती माझ्या खांद्याच्या वर होती.

दिवाळीपूर्वी रंगारी आला. खांब खरवडून नवा रंग देऊ का, असे त्याने विचारले. भाऊ म्हणाला, ‘‘दे, सगळं झाकून टाक.’’ पुतण्या म्हणाला, ‘‘वीतभर पट्टी तशीच राहू दे.’’ त्यावरून बाप-लेकांत जे बोलणे झाले ते मी खुर्चीवर बसून ऐकत होतो. भावाचे म्हणणे चुकीचे नव्हते. तो माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘अण्णा, तुम्ही बँकेतले. उद्या दुकान तारण ठेवायचं झालं, नाहीतर विकायला काढलं, तर येणारा माणूस पहिल्यांदा हीच रेघ बघणार. आपण होऊन आपल्या मालाला खोट कशाला दाखवायची?’’ पुतण्याने उत्तर दिले, ‘‘बाबा, आपण मिरचीत भेसळ करत नाही, वजनात मारत नाही. मग भिंतीवरच खोटं का लिहायचं?’’

शेवटी दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी भावनेपेक्षा हिशेब मांडला. शासनाच्या पाटबंधारे खात्याच्या नकाशांवर नदीकाठी दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत बांधकामाला मनाई असते. तांबडी रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्ही रेषांमधला भाग नियंत्रित असतो. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द ऐकून माणूस निश्चिंत होतो, आपल्या हयातीत काही होत नाही असे समजतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ, दर वर्षी शंभरात एक शक्यता. २० वर्षांच्या कर्जाची मुदत धरली, तर त्या मुदतीत तांबड्या रेषेपर्यंत पाणी एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के होते. आणि निळ्या रेषेपर्यंत येण्याची सुमारे ५६ टक्के. नाणे उडवून छापा येण्याची शक्यता यापेक्षा कमी. मी भावाला म्हटले, ‘‘घेणारा शहाणा असेल तर तो रेघ नसली तरी पाण्याचा विचार करूनच किंमत करील. रेघ झाकून फसेल तो भोळा माणूस. आणि बहुतेक वेळा तो भोळा माणूस आपल्याच घरातली पुढची पिढी असते.’’

पट्टी राहिली. पुतण्याने तिच्याखाली तारीख आणि पुलावरचा आकडा सुबक अक्षरांत लिहिला. नंतर त्याने फळ्यांची रचना बदलली. साखर, डाळी, चहा, चोपड्या रेघेच्या वर; दोर, झाडू, प्लास्टिकच्या बादल्या, ज्यांना पाणी सोसते ते सगळे खाली. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा पेठेत आले. पुलापाशी ते ५४ फुटांच्या वर गेले. दुकान बंद राहिले, गाळ पुन्हा काढावा लागला. पण माल बहुतांशी वाचला. पहिल्या रेघेखाली आता दुसरी रेघ आहे. भाऊ तिच्याविषयी कधी बोलत नाही, मात्र नव्या हमालाला पोती कुठे लावायची ते सांगताना तिच्याकडेच हात करतो.

जगातील मोठ्या शहरांनी याच प्रश्नाला काय उत्तर दिले, ते पाहण्यासारखे आहे. रोममध्ये टायबर नदीपासून काही अंतरावर एका जुन्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर पुराच्या उंचीचे संगमरवरी फलक बसवलेले आहेत. १५९८ च्या महापुराची खूण त्यांत सर्वांत वर आहे. ती शांत जागा पाहून येथे कधी इतके पाणी होते यावर विश्वास बसत नाही, आणि म्हणूनच फलक हवा. जर्मनीत पासाउ हे तीन नद्यांच्या संगमावरचे गाव. तेथील नगरगृहाच्या मनोऱ्यावर शतकांच्या पुरांच्या खुणा रंगवलेल्या आहेत. २०१३ मध्ये तेथे १५०१ नंतरचा सर्वांत मोठा पूर आला. त्याचीही ओळ त्याच भिंतीवर गेली. त्या गावाला पर्यटकांची वाण नाही, आणि तेथील घरे कोणी फुकट देत नाही.

न्यूयॉर्कमधील ईव्ह मोशर या कलावतीने २००७ मध्ये एक साधी गोष्ट केली. खेळाच्या मैदानावर पांढऱ्या रेषा आखण्याचे ढकलगाडीसारखे यंत्र घेतले, त्यात खडूची भुकटी भरली आणि समुद्रसपाटीपासून १० फूट उंचीची रेषा शहराच्या रस्त्यांवर, बागांत, पदपथांवर आखत ती चालत गेली. सुमारे ७० मैल. लोक थांबून विचारीत, ‘हे काय करता?’ ती सांगे, ‘मोठे वादळ आले तर पाणी इथवर येऊ शकते.’ पाऊस आला की खडू धुऊन जाई. पाच वर्षांनी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, सँडी वादळात समुद्र शहरात शिरला आणि अनेक ठिकाणी तो त्या रेषेच्या आसपास येऊन थांबला. तिने कोणाला घाबरवले नव्हते. दारावरून जाणाऱ्या शेजाऱ्याने सांगावे तसे सांगितले होते.

दुसरे उदाहरण पुन्हा रोमचेच. १८७० च्या पुरानंतर त्या शहराने टायबरला उंच दगडी भिंती बांधल्या. पूर थांबला, पण नदी शहरापासून तुटली. २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे कलावंत विल्यम केंट्रिज यांनी त्या भिंतीवर सुमारे अर्धा किलोमीटर लांबीची चित्रमालिका केली. ८० हून अधिक आकृती, काही तर १० मीटरपर्यंत उंच. यासाठी त्यांनी रंगाचा थेंबही वापरला नाही. भिंतीवर वर्षानुवर्षे साचलेल्या काजळीवर आकृतींचे साचे ठेवले आणि भोवतालची काजळी पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढली. जी काजळी उरली ते चित्र. नवी काजळी बसेल तसे ते पुसट होत जाणार, हे ठाऊक असूनच केलेले काम. आमच्या भिंतीवरच्या गाळाच्या रेघेशी त्याचे नाते मला जवळचे वाटले.

आपल्या राज्यातही असा प्रयोग झाला. मुंबईच्या ससून डॉकला, १८७५ मध्ये कापसाच्या व्यापारासाठी खुल्या झालेल्या आणि आता मासळीच्या बाजाराने गजबजलेल्या गोदीत, २०१७ च्या अखेरीस कलाकृतींचे मोठे प्रदर्शन भरले होते. लेकीकडे गेलो असता मी ते पाहिले. कोळी स्त्री-पुरुषांच्या भल्यामोठ्या प्रतिमा तेथे भिंतींवर होत्या. एका दालनात सिंगापूरच्या एका कलावतीने टाकाऊ प्लास्टिकच्या हजारो वस्तू छताला टांगून त्यांचा समुद्र केला होता. त्याखाली उभे राहिले, की आपण पाण्याच्या तळाशी उभे आहोत आणि वर आपलाच कचरा तरंगतो आहे, असे वाटे. माझ्या सहा वर्षांच्या नातीने वर पाहून विचारले, ‘‘आजोबा, मासे कुठे आहेत?’’ प्रदर्शन दोन महिन्यांनी उठले. तिचा प्रश्न मात्र घरी आला. लेकीने त्यानंतर भाजीला कापडी पिशवी नेणे कधी चुकवले नाही.

या सगळ्यांशी तुलना करता आपल्या शहरांतील भिंतींवर काय दिसते? ‘माझी वसुंधरा’सारख्या अभियानांच्या निमित्ताने अनेक गावांत भिंती रंगल्या, ही चांगलीच गोष्ट. पण हिरवे झाड, निळा थेंब, पृथ्वीचा गोल आणि दोन हात, ही चित्रे कोणत्याही गावात चालतात. त्यांत सांगलीचे असे काही नाही. ज्या भिंतीला ५७ फुटांचे पाणी लागले तिच्यावर पाण्याचा हसरा थेंब रंगवला, की नदीने सांगितलेले आपण ऐकले नाही असे होते. याहून काळजी वाटते ती ‘सुशोभीकरण’ या शब्दाची. काठावर भर टाकायची, काँक्रीटची वाट करायची, दिवे लावायचे आणि पात्र तेवढे अरुंद करायचे, हा प्रकार देशात अनेक नद्यांवर चालू आहे. २०१९ च्या पुरानंतर शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने अतिवृष्टीबरोबर पात्रातील व पूरक्षेत्रातील अतिक्रमणांवरही बोट ठेवले होते. नदीची जागा घेऊन नदीची शोभा वाढवता येत नाही, एवढे वाईच्या रास्त्यांच्या गवंड्याला कळत होते.

सांगलीच्या काठावर कला हवी असेल, तर माझ्या मते ती या रेघेपासून सुरू व्हावी. टिळक चौकातून घाटाकडे आणि पुढे पेठांमध्ये, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एका भिंतीवर किंवा खांबावर २००५, २०१९, २०२१ या तीन खुणा एकसारख्या पद्धतीने असाव्यात. प्रत्येकीखाली आयर्विन पुलावरचा आकडा असावा, म्हणजे पुलाचे फूट आणि गल्लीतली उंची यांची सांगड बसेल. शासनाच्या नकाशातील निळी व तांबडी रेषाही कागदावरून भिंतीवर यावी. काम तेलरंगात नको, तो पापुद्रे होऊन नदीतच जाईल. कडप्प्याच्या किंवा काळ्या दगडाच्या पट्टीवर कोरलेले असावे. शाळेतील मुलांनी आपापल्या गल्लीत जाणत्यांना विचारून उंची मोजावी, आणि नक्षी, अक्षर, मांडणी कलावंतांनी ठरवावी. हरिपूरच्या वाटेवर एखादे जुने पेव नीट जपून, झाकण काढून, आत डोकावता येईल असे ठेवावे. हळदीचा व्यापार ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केला, त्या घरांनी एवढे करणे जड नाही.

आणखी एक खूण हवी, तळाची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वेगाडी गेली, ते आपण विसरता कामा नये. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी. ते पाणी याच कृष्णेचे. ज्या नदीने तीन वर्षांनी आपल्या चोपड्या भिजवल्या, तिनेच त्या उन्हाळ्यात तहानलेल्या शहराला घोटभर पाणी दिले. घाटाच्या सर्वांत खालच्या, उन्हाळ्यातच उघड्या पडणाऱ्या पायरीवर त्या वर्षाची नोंद असावी. पाणी गाळून आणि मोजून वापरण्याची रीत ज्या घरांत आजीने घालून दिली, त्या घरांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

याला आक्षेप येतील, ते मी ऐकले आहेत. पहिला, लोक घाबरतील. माझा अनुभव असा, की ज्याला उंची माहीत असते तो कमी घाबरतो. रात्री दोन वाजता पाणी वाढते आहे हे कळल्यावर गोंधळ उडतो तो ज्याला काहीच माहीत नसते त्याचा. दुसरा, जागांचे भाव पडतील. काही जागांचे पडतील, हे मी नाकारत नाही. पण आज जो भाव आहे त्यात न सांगितलेली जोखीम दडलेली आहे, आणि ती शेवटी कोणाच्या तरी डोक्यावर फुटतेच. आपल्या व्यापारात मालाची प्रत उघड सांगून मग भाव ठरवण्याची चाल आहे. जागेला वेगळा नियम का? तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. ज्यांचे माणूस पुरात गेले, त्यांना रोज ती रेघ पाहावी लागेल. म्हणून जेथे तसे दुःख असेल तेथे त्या घराला विचारूनच काय ते करावे.

महापालिकेने, व्यापारी संघटनांनी हे काम मनावर घेतले तर उत्तमच. तोवर आपण आपल्या भिंतीपुरते मालक आहोत. यंदा दिवाळीच्या रंगकामाला रंगारी येईल तेव्हा त्याला वीतभर पट्टी सोडायला सांगावी. रेघ आधीच पुसली असेल, तर शेजारच्या जुन्या मागील भिंतीवर, जिन्याखाली, लाकडी कपाटाच्या पाठीवर ती बहुधा अजून सापडते. फितीने उंबऱ्यापासून उंची मोजावी, वर्ष लिहावे, पुलावरचा आकडा लिहावा. आणि वहीपूजनाच्या दिवशी नव्या चोपडीच्या पहिल्या पानाच्या मागे तोच आकडा एकदा उतरवून ठेवावा, म्हणजे भिंत पडली तरी नोंद राहील.